तिरप्या कोपऱ्याचा गट्टा

प्रसेनजित भाऊजी, जयभीम.

परवा सकाळी अंगण झाडलं, पाणी भरलं आणि चिखलानं माखलेली तुमची सायकल पुसायला घेतली. ब्रेकला ट्रकच्या जुन्या टायरचे गट्टे होते. ते तुमच्या दादांनी स्वतःच्या सायकलसाठी कापलेले. एकाचा कोपरा तिरपा आहे, कारण टायर मी धरला होता आणि माझा हात हलला.

वर्षापूर्वी मोताळ्याच्या उतारावर दादा ट्रॅक्टरखाली गेले, तेव्हा त्यांच्या सायकलच्या ब्रेकला गट्टेच नव्हते. "बाजारात कोन्या तरी चोरानं काढले. सापडला तर सोडत नाही त्याले," असं मयतीला तुम्हीच म्हणालात.

तुम्ही एका दिवसापुरते घेतले असतील. सांगायचं राहिलं असेल. पण विचारू कशी? मी तुमच्याच घरात राहते, माहेरी कोणी उरलं नाही. संध्याकाळी तुम्ही विचारलं, "वहिनी, आज गप्प काऊन हाय?" मी म्हटलं, "काही नाही, जेवून घ्या."

हे पत्र तुम्हाला देणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते गट्टे काढून घेतले, आणि तुम्ही तशीच सायकल घेऊन उतारावर जाऊ नये म्हणून पुढचं चाकही खोलून ठेवलं.

तुमची वहिनी,
जनका