लाईन गेली तेव्हा आमच्या सोलरने काय केले

सेलू,
मंगळवार

आदरणीय दाजी व्यंकटराव यांना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे रामप्रसादचा, वाकून नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे, आक्काची साखर कितीवर आली, आणि नांदेडच्या घरात पाणी रोज येते की एकाआड, हे सगळे सविस्तर कळावे. खरे तर हे फोनवर विचारायचे. पण दिवाळीपासून आपण माझा फोन उचलत नाही (रेंज नसते असे आक्का सांगते, तिचा फोन त्याच खोलीत खणखणीत चालतो हे मी तिच्या लक्षात आणून दिले नाही). म्हणून पोस्टाने लिहितो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. "खुशाल" हा शब्द मी विचार करून लिहिला आहे, कारण मागच्या बुधवारी दुपारी तो लिहिता आला नसता.

दिवाळीचे आधी बोलतो. पाडव्याला आपण जेवायला आलात आणि पाटावर बसायच्या आधी टॉर्च घेऊन आमच्या ओसरीतल्या विजेच्या बोर्डाखाली उभे राहिलात. पंधरा मिनिटे एकेक वायर बघितलीत. मग म्हणालात, "रामप्रसाद, ही मेन खाली येत न्हाई, म्हंजे घरचा करंट तोडता येत न्हाई. गंजून बसलीय. सोलर-बिलर मागून, आधी हे लाकूड उतरव." त्यावर मी जे बोललो ते मला पाठ आहे: "दाजी, नोकरी संपली आता, लोकांच्या घरच्या मेना ओढत फिरू नका." आपण एकतीस वर्षे खांबावर चढलेला माणूस. चप्पल घालून निघून गेलात, आणि आमच्या सौ. राजेश्रीने वाढलेले ताट तसेच राहिले. ती गोष्ट मी तेव्हा "दाजींचा स्वभाव तापट आहे" अशी सगळ्यांना सांगत होतो.

आता सोलर कशासाठी बसवायचे होते ते आपल्याला माहीत आहेच, तरी पुन्हा लिहितो, म्हणजे माझी नियत खराब नव्हती एवढे तरी दिसेल. आण्णांनी बत्तीस वर्षे जिनिंगमध्ये काढली. सेलूचा निम्मा कापूस त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला आणि त्यातली थोडी तूस त्यांच्या छातीत राहिली. परभणीच्या डॉक्टरांनी ते मशीन दिले, हवेतून ऑक्सिजन काढून नळीने नाकात सोडणारे, आणि सांगितले की दिवसाचे सोळा तास लावायचे. मशीनला करंट लागतो, आणि उन्हाळ्यात आमच्या गल्लीत करंट पाहुण्यासारखा येतो. तेव्हा मी ठरवले की थोरल्या भावाचा श्वास खांबाच्या भरवशावर ठेवायचा नाही, छतावरच सूर्य बांधून ठेवायचा.

परभणीच्या एका दुकानातून नागेश नावाचा माणूस आला. त्याने बोर्ड पाहिला, जीभ टाळ्याला लावून "च्च" केले, पण पुढे म्हणाला, "काका, सोलरची पेटी आपुन येगळी बसवू. जुन्या बोर्डाला हात लावायची गरज न्हाई." दाजी, एवढे एक वाक्य ऐकायला मी पाडव्यापासून आतुर होतो. मार्चमध्ये पत्रे, म्हणजे ते निळे पॅनल, चढले. मी रोज सकाळी मीटरसमोर उभा राहून आकडा उलटा जाताना बघायचो (राजेश्री म्हणते की पूजेला मी कधी इतका वेळ दिला नाही). त्याच भरात बॅटरीवरची स्कूटर घेतली. आणि आण्णांचा जो ऑक्सिजनचा जोडीचा सिलिंडर होता, लाईन गेली तर वापरायचा, तो रिकामा होऊन आठ दिवस दाराशी उभा होता. भरून आणायला राजेश्री रोज सांगायची. मी म्हणायचो, आणू की, घाई काय आहे, आता घरावर सूर्य आहे.

बुधवारी दुपारी एकला दहा कमी असताना लाईन गेली.

मी आडवा झालो होतो, तसाच राहिलो. मनात म्हटले, जाऊ दे, आपल्याला काय फरक पडतो. मग ध्यानात आले की पंखाही थांबला आहे. मग आतून मशीनने एक लांब शिट्टी घातली, त्याचा श्वास संपतो तेव्हा घालते तशी, आणि बंद झाले. बाहेर ऊन असे की अंगणातली बादली हाताला चटका देत होती, आणि घरात एक दिवा पेटेना. मी गच्चीवर पळालो. पॅनल जागेवर होते, सूर्य जागेवर होता. मी एका पॅनलवर हात फिरवला (हात भाजला, अजून फोड आहे) आणि दुसऱ्याला थापट मारली. काय दुरुस्त करायचे होते मला, देव जाणे.

खाली आलो तर राजेश्रीने आण्णांना उठवून बसवले होते आणि बोटाला तो चिमटा लावला होता, ऑक्सिजन मोजायचा. एकोणनव्वद. मी नागेशला फोन लावला आणि ओरडलो की तुझे सोलर मेले. तो शांतपणे म्हणाला, "काका, लाईन गेली की ते सोता बंद होतंय. तसंच बनवल्यालं असतंय. चालू राहिलं तर तुमच्या घरातला करंट उलटा तारंवर जाईल, अन् वर चढल्याला माणूस मरंल."

"मग हे बसवताना का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की, काका. तवा तुमी फोटो काढायलते."

शहाऐंशी. राजेश्रीने दवाखान्याच्या गाडीला फोन केला. गाडी देवगाव फाट्याकडे गेलेली, यायला पाऊण तास. रिक्षात घालून न्यावे तर आण्णांना दोन पावले टाकवत नव्हती, आणि त्या उन्हात नळीशिवाय नेणे म्हणजे काय ते डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवले होते. दाजी, आपण आण्णांना ओळखता; ज्या माणसाने जिनिंगच्या आवाजावरून आवाज काढून बत्तीस वर्षे हुकूम सोडले, तो माणूस पलंगाची पट्टी धरून माझ्याकडे नुसता बघत होता. ओठ जांभळट दिसत होते. मला त्या नजरेपुढे उभे राहवेना, म्हणून मी बाहेर पळालो. यात शौर्य काही नव्हते.

पुढच्या गल्लीत माझा शाळेपासूनचा दोस्त सिद्धोधन राहतो, मांडव आणि लाउडस्पीकरवाला. लग्नसराई असूनही त्याचा जनरेटर त्या दिवशी घरी होता. आम्ही दोघांनी तो हातगाडीवर घालून आणला आणि ओसरीत उतरवला. त्याच्या सामानात दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर होती (ती कशासाठी असते ते आपल्याला सांगायला नको, आणि ती बघून आपला चेहरा कसा होईल तेही मला दिसते आहे). बेत माझा: एक पिन घराच्या प्लगमध्ये, दुसरी जनरेटरला, सगळे घर चालू. सिद्धोधन म्हणाला, "आधी मेन पाड."

मी मेन धरली. आली नाही. दोन्ही हातांनी लोंबकळलो. आली नाही. खलबत्त्यातला बत्ता आणून वरून ठोकली, तर लाकडाचा भुसा डोळ्यात गेला, पण मेन जिथल्या तिथे. आतून राजेश्री आकडा सांगत होती, रेल्वेची घोषणा करावी तसा सपाट आवाजात: त्र्याऐंशी. सिद्धोधन पुन्हा म्हणाला, "मेन पडल्याबिगर मी चालू करत न्हाई." आणि दाजी, मी त्याला म्हणालो, "राहू दे रे मेन! घटकाभराचा सवाल आहे. कोण मरतंय?" हे माझे शब्द. मी एक पिन प्लगमध्ये खुपसली, दुसरी जनरेटरला लावली. सिद्धोधन जनरेटरच्या दोरीशी उभा होता. मी म्हणालो, "ओढ दोरी." त्याने आतल्या खोलीकडे पाहिले, आण्णांकडे, आणि दोरी हाताला गुंडाळली.

"थांबा!" राजेश्री किंचाळली. ती आण्णांच्या पाठीला आधार देऊन खिडकीशी बसली होती. "खांबावर माणूस हाय!"

सिद्धोधनने दोरी सोडली ती विस्तवावरून हात काढावा तशी. मी खिडकीशी गेलो. कोपऱ्यावरच्या खांबावर, आमच्या दारापासून तीस पावलांवर, पिवळे हेल्मेट घातलेला माणूस एका पायाची अढी घालून उभा होता आणि त्याचे दोन्ही हात तारांत होते. आपल्या कामात मग्न. खालच्या कुठल्या घरात कोण काय करायला लागले आहे याची त्याला खबर नव्हती.

मी प्लगमधली पिन काढली. जनरेटरची सिद्धोधनने काढली. आणि मग मी खाली बसलो, कारण आता एक माणूस वर होता आणि एक माणूस पलंगावर, आणि माझ्याजवळ दोघांपुरती अक्कल शिल्लक नव्हती. तेव्हा राजेश्री म्हणाली, रागाने नाही, भाजी संपली आहे असे सांगावे तशी, "अहो, सगळ्या घराला करंट कशाला पायजे? आण्णाला पायजे. ते धूड खिडकीच्या बाहेर ठेवा अन् मशीनची वायर सरळ त्याच्यात लावा."

एवढेच होते. ना बोर्ड, ना मेन, ना सूर्य. जनरेटर खिडकीबाहेर मोकळ्यात नेला, धूर आत येऊ नये म्हणून लांब ठेवला, सिद्धोधनची स्टेजवरची लांब वायर खिडकीतून आत घेतली. दोरी ओढली. मशीन एकदा खोकले आणि चालू झाले. राजेश्री आकडे म्हणत राहिली. त्र्याऐंशी. त्र्याऐंशी. (हा दुसरा त्र्याऐंशी फार लांब होता.) पंच्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णवला आण्णांनी पट्टी सोडली. आता पहिला शब्द मला शिवी असणार म्हणून मी तयार होतो. ते म्हणाले, "त्या खांबावरच्याला पानी दे. लय ऊन हाय."

मी तांब्या घेऊन गेलो. तो चाळिशीचा माणूस होता, पाठ घामाने भिजलेली. खाली उतरून त्याने सगळा तांब्या संपवला आणि माझ्याकडे बघून विचारले, "काका, हात का थरथरायलेत?" मी म्हणालो, उन्हाने. तर तो मलाच म्हणाला, "मग सावलीत जावा की. ह्या उन्हात भायेर निघू नये मानसानं." मी मान हलवली. त्याला खरे सांगायची माझी छाती झाली नाही. घरी येताना मला आपण दिसत होतात, दाजी. एकतीस वर्षे. दर वेळी खाली कुठेतरी एक रामप्रसाद हातात वायर घेऊन उभा असणार, आणि आपण संध्याकाळी घरी येऊन आक्काला नुसते "चहा टाक" म्हणायचात.

दवाखान्याची गाडी आली ती आण्णांचा आकडा बघून परत गेली, आणि पावणेतीनला लाईन आली. सिलिंडर मी त्याच संध्याकाळी भरून आणला.

आता सगळी पक्की तजवीज झाली आहे, आपण निर्धास्त असावे. शुक्रवारी नागेशने बॅटरी आणि तिचा स्वतंत्र छोटा बोर्ड बसवला. त्यावर तीनच गोष्टी: आण्णांचे मशीन, एक पंखा, एक दिवा. लाईन गेली तरी त्या तिन्ही चालू राहतात. आम्ही चार तास लावून बघितले. स्कूटरसाठीही एक हिकमत केली आहे: पाण्याची मोटार चालू झाली की स्कूटरचे चार्जिंग आपोआप थांबते, मोटार बंद झाली की पुन्हा सुरू होते, म्हणजे सगळा भार एकदम पडत नाही. आणि हे सगळे, मी मुद्दाम नोंदवतो, जुन्या बोर्डाला हात न लावता झाले. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या पाहिले तर पाडव्याला मी म्हणत होतो तेच बरोबर ठरले. असो. लहान तोंडी मोठा घास नको. आक्काला नमस्कार सांगावा.

आपला,
रामप्रसाद

ता. क. — एक लिहायचे राहिले. शुक्रवारी काम झाल्यावर नागेशने जाता जाता आमची मेन एकदा ओढून बघितली. मग म्हणाला, "काका, माझ्या कामाला ह्या बोर्डाची गरज न्हाई, हे खरं. पर तुमच्या घराला नवा बोर्ड पायजे. आज पायजे." नवी मेन, नवा बोर्ड, नवी वायर, दोन दिवस घरात करंट नसणार, आणि बॅटरी दोन दिवस पुरत नाही. नागेश करून देतो म्हणतो. मी नको म्हणालो. मला ते काम आपल्या हातून हवे आहे. हत्यारे घेऊन या. पाडव्याच्या बोलण्याबद्दल मी समोर बोलेन, पत्रात मला ते नीट लिहिता येईना. चार कागद फाडले.

ता. क. दुसरा — आक्का, पाकीट तूच आधी फोडणार हे मला माहीत आहे. दोन पिनांच्या वायरीचा मजकूर आहे तो कागद दाजींना जेवण झाल्यावर दे, आधी नको.

ता. क. तिसरा — ते दोन दिवस आण्णांना तुमच्याकडे ठेवावे असे राजेश्रीने ठरवले आहे, म्हणजे दाजी इकडे आणि आण्णा तिकडे. मशीन आणि भरलेला सिलिंडर सोबत घेऊन मी स्वतः सोडायला येतो. आण्णांना विचारले, तर म्हणाले, "व्यंकटराव बोर्ड बसवणार असतील तरच जातो, न्हाईतर मी हितंच बरा." आपला होकार आला असे मी त्यांना सांगून टाकले आहे, तेव्हा कृपा करून तो पाठवावा. गाडी पुढच्या गुरुवारची आहे. आज मंगळवार, आणि आण्णा सकाळपासून चपला घालून बसले आहेत.