जे भिंतीवर, ते रिंगणात

मंगळवार, ता. १४, दुपार

ती. दादास,

धाकट्याचा नमस्कार. सात वर्षांतलं पहिलं पत्र, तेव्हा अक्षर लागायला वेळ लागेल. पोस्टरवर हातभर अक्षरं रंगवणाऱ्याला पत्रातलं बारीक अक्षर कसलं जमतंय, असं तूच म्हणायचास.

इकडे सर्व ठीक. मालकांनी कवळी बसवली. तेव्हापासून त्यांच्या शिव्या नीट कळत नाहीत. विदूषकाच्या मुलीचं लग्न झालं. जावई उंच झोपाळ्यांवर उड्या मारणारा निघाला, म्हणून विदूषक आठवडाभर खराखुरा रडला. वहिनी, पोरं मजेत ना? वखारीतलं काम झेपतं ना?

सर्व ठीक नाही, दादा. आपली थोरली हत्तीण पडलीय.

रविवारी सकाळी साखळी सोडली तर ती उठेचना. डाव्या कुशीवर पडून आहे. पुढचा उजवा पाय गुडघ्याशी कलिंगडाएवढा सुजलाय. डॉक्टर म्हणतात, एवढी मोठी हत्तीण आडवी राहिली की स्वतःच्याच वजनानं तिची छाती दबते. क्रेन आणली, पट्टे लावले, पण तिनं पाय टेकायचं नाव घेतलं नाही. "गुरुवार संध्याकाळपर्यंत उभी राहिली तर ठीक. नाहीतर मला कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यावं लागेल," असं सांगून ते गेले. तुझ्यानंतरचा माहूत हाका मारून थकला. ती आजारी असली की फक्त तुझ्या हाकेला उठायची, हे त्यानंही ऐकलंय.

तू येणार नाहीस, हे ठाऊक आहे. "त्या खोटारड्याच्या तंबूत पुन्हा पाय ठेवणार नाही," असं म्हणून गेलास. म्हणून सात वर्षं गिळून बसलोय ते लिहितो.

मालक खोटं बोलत नव्हते.

चेंडूवर एका पायावर उभी असलेली थोरली पोस्टरवर मी माझ्या मनानं काढली होती. बाबांच्या ट्रंकेतली जुनी पोस्टरं आठवतात? हत्ती जेवणाच्या टेबलाशी, हत्ती सायकलवर, हत्ती न्हाव्यासमोर गळ्यात टॉवेल अडकवून. बाबा हसायचे, "यातलं निम्मं कुणी पाहिलेलं नाही रे. कागदावरच्या हत्तीला कुठे वजन असतं?" त्यातलंच एक मी उतरवलं. झकास दिसत होतं, बस्स. पोस्टरं नेहमीसारखी आठ दिवस आधी पुढच्या गावी लागली. मालकांचा नियम तर तुला पाठच आहे: जे भिंतीवर, ते रिंगणात. एकदा कबूल केलेला खेळ दाखवला नाही म्हणून लोकांनी बाकं मोडली होती ना.

तिला ते शिकवायला तू साफ नकार दिलास. मग माझ्याकडे येऊन विचारलंस, "कुणाच्या सांगण्यावरून काढलंस?" मी म्हणालो, "मालकांच्या." तुझी भीती वाटली, एवढंच. आपण सांगितलं नव्हतं अशी मालकांनी शपथ घेतली, तू त्यांची गचांडी धरलीस आणि त्याच दिवशी निघून गेलास. मालकांनी मला हाकललं नाही, कारण खेळ तुफान चालला. नवा माहूत अंकुश घेऊन आला. सात वर्षं, रोज दोनदा. शेवटची दोन वर्षं ती लंगडत होती, आणि मी पोस्टरवर तिचा पाय सरळ काढत होतो.

माफ कर असं लिहीत नाही. तेवढा वेळच नाही. हे पत्र ट्रकवाल्याकडे देतोय, उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल. तो लगेच परत फिरणार आहे; त्याच्याच शेजारी बस. तुला सगळं खरं लिहितोय, हे मालकांना मी आज सांगितलं. त्यांनी तिच्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सात वर्षं उशीर केलास. बोलाव त्याला."

मला मार, शिव्या घाल. तोंड पाहायचं नसेल तर तू पोचायच्या आत निघून जातो. काल तिच्या कानाशी बसून मी तुझ्यासारखी हाक मारून पाहिली, दादा. तिनं डोळा उघडला, मला पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतला.

ये रे. पाया पडतो. माझ्यासाठी नको, पण ये.

तिच्याजवळ बसलेला
तुझा गुन्हेगार,
धाकटा