चैत्रालीची पॉइंट टू टू

सेंगकांग, सिंगापूर
९ जुलै २००६

तीर्थस्वरूप सुबोधदादांना,
सा. न. वि. वि.

तुमचं जूनचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, माफ करा. फोनवर मला बोलता येत नाही हे तुम्ही जाणताच. निशी असताना दोन वाक्यं बोलून फोन तिच्या हातात दिला की मी सुटायचो. म्हणून लिहितो.

चैत्रालीला पुण्यात तुमच्याकडे ठेवावं असं तुम्ही आणि स्मितावहिनींनी सुचवलंत. निशीला जाऊन आठ महिने झाले. चौदा वर्षांच्या मुलीच्या घरात बाईमाणूस हवं, हे तुमचं म्हणणं मी खोडू शकत नाही. मी पहाटे जुरोंग आयलंडच्या कंपनीच्या बसमध्ये बसतो तो संध्याकाळी सातला घरी येतो. आमचं बोलणं होतं, पण ते भाजी, इस्त्री आणि शाळेच्या सह्या यांच्यापुढे जात नाही. तिथल्या शाळेला ऑक्टोबरअखेर कळवायचं आहे, हे लक्षात आहे. तिला मी अजून काही विचारलेलं नाही.

आता एक वेगळीच गोष्ट. आमच्या प्लांटमधले मिस्टर गोह एका शूटिंग क्लबचे सभासद आहेत. मे महिन्यात त्यांनी आम्हा दोघांना रेंजवर नेलं. पालक शेजारी असेल तर मुलांना पॉइंट टू टू, म्हणजे सगळ्यांत छोट्या काडतुसाची रायफल चालवू देतात. परत येताना चैत्राली बसमध्ये चाळीस मिनिटं बोलत होती. एवढं ती नोव्हेंबरपासून बोलली नव्हती. तेव्हापासून आम्ही दर रविवारी जातो.

क्लबच्या रायफली जुन्या आहेत आणि त्यांच्यासाठी रांग असते. दोन सभासद आपापली रायफल विकत आहेत. एक झेक बनावटीची, हलकी, साध्या लाकडी दस्त्याची. दुसरी जर्मन, जड, खास स्पर्धेची. तिचा दस्ता गालाला आणि अंगठ्याला बसेल असा कोरलेला आहे. मिस्टर गोह म्हणतात, जर्मनच घ्या. रायफल घरी आणता येत नाही, पोलिसांचा परवाना काढून क्लबच्या शस्त्रागारातच ठेवावी लागते, आणि तिथली जागा एकदम तीन वर्षांसाठी घ्यावी लागते. म्हणजे चैत्राली पुण्याला येणार असेल तर ही सगळी चौकशी फुकट आहे. तरी विचारतो. मला पंप आणि व्हॉल्व्ह कळतात, बंदुका नाहीत. तुम्ही एनसीसीत दिल्लीपर्यंत जाऊन आलेले.

वहिनींना नमस्कार. आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

आपला,
रवींद्र


पुणे
२३ जुलै २००६

प्रिय रवींद्रराव,
स. न. वि. वि.

तुमचं दोन पानी पत्र पाहून स्मिताने आधी तारीख तपासली आणि मग अक्षर. एवढा मजकूर तुमच्याकडून लग्नाच्या याद्यांतसुद्धा आला नव्हता.

भाचीला पुण्याला आणायचं म्हणणारा मी, आणि तुम्ही मलाच विचारता की तिकडे तिला कुठली रायफल घेऊ! मामा म्हणून मी सांगायला हवं की काही घेऊ नका. पण माझ्यातला एनसीसीचा सार्जंट बँकेत तीस वर्षं काढूनही निवृत्त झालेला नाही, त्याला गप्प बसवत नाही.

पॉइंट टू टूचा निर्णय शहाणपणाचा. या काडतुसात दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून ते बनवायला सोपं आणि सगळ्यांत स्वस्त. धक्का जवळपास नाही, आवाज कमी. रविवारी शंभर गोळ्या मारल्या तरी महिन्याचा किराणा बंद पडत नाही. मोठ्या रायफलीत माणूस खिशाकडे बघून दहा गोळ्या मारतो आणि त्या दहाही बिघडवतो.

निवड करताना बनावट शेवटी बघा. आधी मुलीला रायफल घेऊन पंधरा मिनिटं पालथं पडू द्या. मान अवघडली, गाल दस्त्यावर आपसूक टेकला नाही, तर ती रायफल राजघराण्यातली असली तरी नको. दुसरं, चार कंपन्यांची काडतुसं थोडी थोडी घ्या आणि प्रत्येकाच्या पाच पाच गोळ्या मारून बघा. ज्यांची भोकं सगळ्यांत जवळ पडतील ती त्या रायफलला मानवली. महाग तीच मानवतील असं नाही. तिसरं, रिकामी रायफल उगाच खटखट वाजवायची नाही, आतली पिन नळीच्या कडेवर आपटून खराब होते. सराव घरी काठी घेऊन करा.

निशीच्या वर्षाच्या आत नवीन खरेदी चालेल का, असं मी स्मिताला विचारलं. तिने निवाडा दिला की वस्तू दुसऱ्याने वापरलेली असेल तर ती नवीन नव्हे. तेव्हा ती बाजू सुरक्षित आहे.

शिवणयंत्र गॅलरीत नेऊन मागची खोली रिकामी केली आहे. घाई नाही, पण खोली तयार आहे.

चि. चैत्रालीला आशीर्वाद. असंच लिहीत राहा, आम्हाला बरं वाटतं.

तुमचा,
सुबोध


सेंगकांग
२० ऑगस्ट २००६

तीर्थस्वरूप सुबोधदादांना,
सा. न. वि. वि.

तुमच्या सूचना मी कागदावर उतरवून रेंजवर नेल्या. काडतुसांची परीक्षा केली. क्लबच्या रायफलला सगळ्यांत स्वस्त डबा मानवला. मिस्टर गोह थोडे नाराज झाले, कारण ते स्वतः महागातला वापरतात.

घरचा सरावही सुरू आहे. चैत्राली हॉलमध्ये चटई टाकते, झाडूला पाण्याच्या दोन बाटल्या बांधते आणि खिडकीतून एलआरटी ट्रेनच्या डब्यांवर नेम धरते. परवा समोरच्या मिसेस लिम डोकावल्या आणि मुलगी झाडता झाडता पडली की काय असं विचारू लागल्या. एक चूक तिची जात नाही. झाडू ती डाव्या खांद्याला लावते. मी दर वेळी उजवीकडे करून देतो. पाठ फिरली की झाडू पुन्हा डावीकडे. लहानपणी जेवतानाही असंच करायची. माझ्या आईने सवय मोडली होती.

आता चांगलं नाही ते लिहितो. रेंजवर तिच्या गोळ्या फार विखुरतात. डावा डोळा मिटता येत नाही म्हणून चष्म्याच्या त्या काचेवर तिने चिकटपट्टी लावली, तरी फरक नाही. मी नवशिका असून माझी भोकं तिच्यापेक्षा जवळ पडतात आणि ते मला आवडत नाही. गेल्या रविवारी येताना ती एक शब्द बोलली नाही. आज म्हणाली की पुढच्या आठवड्यापासून बाबांनी एकट्याने जावं.

रविवार गेला तर आमच्याकडे काय उरेल ते मला कळत नाही. कदाचित रायफल चांगली असली तर नेमही सुधारेल. म्हणून जर्मन घ्यायचं जवळपास ठरवलं आहे. तीन सप्टेंबरला विसार देणार आहे.

आपल्या आशीर्वादाची गरज आहे.

आपला,
रवींद्र


पुणे
२८ ऑगस्ट २००६

प्रिय रवींद्रराव,
स. न. वि. वि.

हे पत्र कुरियरने पाठवतो आहे, आणि तुमच्या ऑफिसात फोन करून निरोपही ठेवला आहे: विसार देऊ नका. का, ते इथे लिहितो, कारण ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

मुलीला आधी हे करायला सांगा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी खिडकी करायची, त्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघायची. मग तुम्ही तिचा एकेक डोळा झाकायचा. ज्या उघड्या डोळ्याला ती वस्तू दिसत राहील, तो नेमाचा डोळा. मी पैज लावतो, तिचा डावा निघेल. तुम्ही दोघांनी पट्टी लावून तिचा बघणारा डोळाच बंद केलात आणि मग पोरीला विचारता की नेम का चुकतो!

पैज कशावरून, ते सांगतो. निशी डावखुरी होती.

तुम्हाला हे माहीत नसणार. आमच्या आईने लहानपणीच तिला उजव्या हाताने जेवायला आणि लिहायला लावलं. तुमचं स्थळ आलं तेव्हा आईने बजावलं की सासरी डाव्या हाताचं बोलायचं नाही, लोक नावं ठेवतात. पुढे सांगायचं राहून गेलं असेल.

कॉलेजात तीही एनसीसीत होती. पहिल्या दिवशी डाव्या खांद्याला रायफल लावून पालथी पडली. शिकवणाऱ्या उस्तादांनी खेकसून उजवीकडे करायला लावली. दोन दिवस तिची एक गोळी फळ्याला लागली नाही. उस्ताद म्हणाले की या मुलीला परेडमध्ये बँड वाजवू द्या. तिसऱ्या दिवशी ते चहाला गेले आणि हिने गुपचूप खांदा बदलला. परत येऊन बघतात तर पाच भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी. त्यांचा विश्वास बसेना. समोर उभं राहून पुन्हा पाच मारायला लावल्या. मग एवढंच म्हणाले, लडकी को उल्टा ही रहने दो.

चैत्राली तीन वर्षांची असताना निशीने मला लिहिलं होतं की सासूबाई समोर असल्या की मी चमचा उजव्या हातात देते, नसल्या की बघत नाही.

तेव्हा जर्मन रायफल विसरा. तो दस्ता उजव्या गालासाठी कोरलेला, हिच्या गालफडाला बोचेल. साध्या लाकडाची झेक दोन्ही बाजूंनी सारखी असते, तुम्हा दोघांनाही चालेल. बोल्ट उजवीकडे असेल, पण एकेक गोळी मारायची आहे, घाई कुणाला?

स्मिता म्हणते की मी तुम्हाला ओरडल्यासारखं लिहिलं आहे. तसं वाटलं तर मोठा समजून सोडून द्या.

तुमचा,
सुबोध


सेंगकांग
१७ सप्टेंबर २००६

तीर्थस्वरूप सुबोधदादांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी कंपनीच्या बसमध्ये तीनदा वाचलं. सोळा वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. ती भाजी कोणत्या हाताने चिरायची ते आठवून पाहिलं, आठवलं नाही. याचं वाईट वाटलं. पण तिच्याविषयी आता नवीन काही कळेल असंही मला वाटलं नव्हतं, त्यामुळे बरंही वाटलं. जास्त लिहिता येत नाही.

चैत्रालीचा डोळा डावाच निघाला. तुम्ही पैज जिंकलात. तिला आईची सगळी हकिगत सांगितली आणि मी उगाच खांदा बदलायला लावत होतो म्हणून माफी मागितली. ती मोठ्याने हसली. उस्ताद चहाला जातात तो भाग तिने दोनदा सांगायला लावला. मग तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली की बाबा, ओके लाह, यू डिडन्ट नो.

पुढच्याच रविवारी विकणाऱ्या सभासदाच्या समोर झेक रायफल तिने डाव्या खांद्याला लावली. पाच गोळ्या मारल्या. इथल्या पन्नास सेंटच्या नाण्याखाली झाकल्या. मिस्टर गोह दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिले आणि नुसतं 'वाह' म्हणाले. पुढची पाच भोकं जरा विखुरली, पण तिला फिकीर नव्हती.

रायफल आमच्यासाठी ठेवायला सांगितली आहे. शस्त्रागाराच्या जागेचा फॉर्म मात्र माझ्या बॅगेत तसाच आहे. तीन वर्षांच्या रकान्यापाशी पेन थांबतं. त्याआधी तिला विचारायला हवं की तुला इथे राहायचं आहे की पुण्याला जायचं आहे. भीती अशी की ती माझ्याकडे बघून मला बरं वाटेल असंच उत्तर देईल. आणि दुसरी भीती अशी की देणार नाही.

वहिनींना नमस्कार. सांभाळून घ्या.

आपला,
रवींद्र


पुणे
३० सप्टेंबर २००६

प्रिय रवींद्रराव,
स. न. वि. वि.

तुमचा फॉर्म मला भरता येणार नाही. नाहीतर मी काय भरला असता ते तुम्हाला माहीत आहे.

मुलगी इथे यावी असं मला अजूनही वाटतं. पण खोली तिच्यासाठी रिकामी केली की आमच्यासाठी, हे स्मिताने मला परवा विचारलं. तुम्ही तिला विचारा. घरात विचारू नका, घरात तुम्ही पाण्याचा ग्लास घेऊन आत निघून जाल. बाहेर कुठेतरी, खाताना विचारा. ती जे सांगेल ते मला कळवा. येणार नसेल तर मी चार दिवस फुगून बसेन, पाचव्या दिवशी तिच्या रायफलच्या पट्ट्याच्या लांबीबद्दल पत्र लिहीन.

तुमचा,
सुबोध


सेंगकांग
२२ ऑक्टोबर २००६

तीर्थस्वरूप सुबोधदादांना,
सा. न. वि. वि.

काल दिवाळी होती. कंदील लावला नाही, फराळ केला नाही. सुमात्राहून येणाऱ्या धुरामुळे दोन आठवडे रेंजही बंद होती, ती आज उघडली. तिथून आम्ही हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, प्राटा (आपला पराठा) खायला गेलो आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी विचारलं.

मी सहा वाक्यं तयार करून गेलो होतो. दुसऱ्या वाक्याला तिने हात वर करून मला थांबवलं, कारण तोंडात घास होता. तो गिळून म्हणाली की तिला हे जूनपासून माहीत आहे, मामीने फोनवर सांगितलं होतं. मी कधी विचारतो याची ती वाट बघत होती. मी विचारत नाही म्हणजे मला तिला पाठवायचंच आहे आणि सांगायला जड जातं आहे, असं तिने धरलं होतं. पाच महिने ती रोज संध्याकाळी हेच धरून माझ्यासमोर जेवत होती.

मी म्हणालो की मला तू इथे हवी आहेस. एवढं वाक्य मी तिला याआधी कधी बोललो नव्हतो. ती म्हणाली की मग ती इथेच राहणार, आणि तो शेवटचा प्राटा मी खाणार आहे का. मी नाही म्हणालो. फॉर्म तिथेच टेबलावर भरला. त्यावर थोडी आमटी सांडली, पण परत जाऊन दिल्यावर क्लबवाल्यांनी घेतला.

तुम्ही चार दिवस फुगणार हे कबूल आहे. मी वाट बघेन.

ती खाली दोन ओळी लिहिणार म्हणते. मला वाचू देत नाही.

आपलाच,
रवींद्र

ता. क. मामा, सॉरी. खोलीत मामीचं मशीन परत आण, गॅलरीत पाऊस येतो. मी डिसेंबरमध्ये तीन आठवडे येणार आहे आणि बाबांना पण आणणार आहे. त्यांना अजून विचारलं नाही. तिकिटं काढल्यावर सांगेन. चैत्राली.