एक दिवस चुकवला नाही

कळवा, १४ मे १९९३

चि. भिवा,

तुझ्या बायकोच्या, सगुणाच्या दोन्ही किडन्या खराब झाल्यात.

तिची वाढलेलं थायरॉइड कमी करायची गोळी रोज सकाळी मीच द्यायचे. ती विसरते म्हणून बोटीवर जाताना तूच मला सांगून गेलेलास. महिन्यापूर्वी तिला काळ्या चहासारखी लघवी झाली. मी म्हटलं, "अगं, उन्हाळी लागलीय." धण्या-जिऱ्याचं पाणी पाजलं, बेंबीवर ओला फडका ठेवला. पाय सुजले तरी माझं तेच चाललेलं.

काल ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "गोळी नियमित घेत होत्या?"

मी ताठ मानेनं पुढे झाले. "एक दिवस चुकवला नाही साहेब. मी स्वतः देते."

ते म्हणाले, "त्याच गोळीमुळे रक्तवाहिन्यांना सूज आली, आणि किडन्या गेल्या. क्वचित होतं असं. ती आता बंद."

हे पत्र माझ्याच्यानं टाकवणार नाही. सगुणालाही गोळीचं सांगितलेलं नाही. आज सकाळी वॉर्डात मी सवयीनं पाण्याचा पेला घेऊन तिच्यापाशी गेले. तिनं नेहमीसारखा हात पुढे केला.

तुझी,
मनुताई