फांदी पडण्याआधीची नोंद

प्रति,
मा. मुख्य वृक्ष अधिकारी,
वृक्ष विभाग, पहिला मजला, जिन्याशेजारची खोली

विषय : आमच्या मागच्या अंगणातील झाडाची फांदी खोलीवर पडल्यास ती आम्ही तोडलेली नाही, याची आगाऊ नोंद घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझे आधीचे दोन अर्ज. २) आपले उत्तर, 'झाड सुस्थितीत आहे.'

महोदय,

वरील विषयी सादर करते की, हा अर्ज फांदी तोडण्याची परवानगी मागण्यासाठी नाही. ती मागून मागून माझे तोंड दुखले. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण अक्षर माझेच आहे. सून लिहून देते म्हणाली. तिला म्हटले, तुझ्या गोड भाषेतले दोन अर्ज गेले, आता एक माझ्या भाषेत जाऊ दे.

पानगळ लागली तसे सगळे झाड मोकळे झाले. फक्त खोलीवर आलेल्या मोठ्या फांदीची पाने तशीच राहिली, तपकिरी आणि चुरगळलेली. जिवंत फांदी आपले पान आपण सोडते. मेलेलीच्या अंगात तेवढेही बळ नसते, म्हणून पाने तिला चिकटून राहतात. ही फांदी उन्हाळ्यातच गेली. शिवाय बेचक्यात चीर पडली आहे, तिच्यात माझ्या मुलाचा पंजा मावतो, आणि बुंध्याला अळंब्या फुटल्या आहेत.

आपले तपासनीस आले. चहा घेतला, चपला न घालता दारातूनच वर पाहिले आणि लिहिले की, सदर फांदीस पाने असल्याने ती जिवंत आहे. उलट ज्या तीन फांद्या उघड्या होत्या, त्या वाळल्या समजून तोडायला परवानगी दिली. मी म्हटले, "साहेब, झोपलेल्याला मेला म्हणताय आणि मेलेल्याला जागा." त्यांना राग आला. शेरा मारला की, नवी पालवी फुटेपर्यंत वाट पाहावी. वारे त्याआधी सुटते, हे त्यांना कोणी सांगावे?

लाकूडतोड्याकडे गेले. तो म्हणाला, "आजी, तुमची फांदी मेलीय हे मला रस्त्यावरून दिसतं. पण कागदाशिवाय हात लावला तर माझी करवत जप्त होते." त्याचे पोट त्या करवतीवर, त्याला काय बोलणार! मुलगा गुपचूप चढतो म्हणाला. मी शिडी स्वयंपाकघरात आणून तिच्यावर कपडे वाळत घातले. फांदीखाली एकाच पिढीने राहावे, एवढे माझ्या हातात आहे.

आपण म्हणाल, खोली सोडा. सून आणि नात पुढच्या खोलीत हलवल्या. मागे आम्ही दोघे. आमचे हे कमरेखाली हलत नाहीत. पुढच्या खोलीला पायऱ्या आहेत आणि उचलले की असे कळवळतात की मुलगाच डोळे पुसत बाजूला झाला. मला म्हणाले, "तू जा की पुढे. माझ्यापायी कशाला?" उभ्या जन्मात यांचे एक ऐकले नाही. आता ऐकायला लागले तर त्यांना वाटेल, शेवट जवळ आला.

तेव्हा फांदी पडणार हे मी धरून चालले आहे. शेजारच्या शिंपीणबाईचे झाड वादळात आपोआप आडवे झाले, तरी आपल्याकडून तिला विनापरवाना तोडीची नोटीस आली. आमच्या पाठीमागे, आम्ही नसू तेव्हा, माझ्या मुलाच्या नावे तसला कागद येऊ नये, म्हणून आजच लिहून देते : फांदी स्वतःच्या वजनाने पडली. आम्ही हात लावला नाही. तशी नोंद व्हावी.

आणखी एक. पडेल त्या दिवशी आपली माणसे येतीलच. त्यांनी मागच्या दाराने यावे, पुढचे अरुंद आहे. यांची खाट खिडकीला लागून आहे, माझे अंथरूण खाली, भिंतीकडे. आधी खाटेवरचे लाकूड उचलावे. उचलताना आरडाओरडा करू नये, ते दचकतात. माझे मागाहून पाहिले तरी चालेल.

शेवटी 'नम्र' लिहायचे असते, असे सून सांगते. तसे समजून घ्यावे.

अर्जदार,
मागच्या खोलीत राहणारी
(सही)

दिनांक : आपला शिक्का पडेल तो. फक्त तो फांदीच्या आधी पडावा.

सोबत : १) अंगणात गळलेले पान, एक. २) त्या फांदीची छपरावर पडलेली काडी, पानासकट. पान ओढून पाहावे. फाटते, सुटत नाही.