चौथ्या खांबाचा माथा

३ मार्च
बाबांचा पूल माझ्याच वाट्याला आला! साहेबांनी फाइल दिली तेव्हा हसूच आलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याच्या खांबांचे माथे गवंडी म्हणून बाबांनी थापीने घोटले, आता तपासणीला मी. घरी सांगितलं तर बाबा जेवण सोडून सुरूच झाले – आरसा केलाय आरसा, तोंड बघून घे म्हणे. आई त्याच कामावर घमेली उचलायची. तिच्या हातात थापी दिली की वाटोळं, हे त्यांचं जुनं पालुपद. आई म्हणाली, ताट निवतंय.

५ मार्च
दिवसभर शिडीवर. पाठीचे बारा वाजले, पण मजा आली. गर्डर, म्हणजे पुलाच्या आडव्या तुळया, आणि खांब यांच्यामध्ये रबरी पॅड असतात. ना खिळा, ना गोंद – वरचं ओझं आणि खालच्या काँक्रीटची पकड, एवढ्यावर बसलेले. उन्हाने पूल लांबतो, थंडीत आखडतो, रबर तेवढं ताणून घेतं. इथे पॅड चक्क घसरलेत. चार बोटं! फक्त चौथ्या खांबावरचे जागच्या जागी.

६ मार्च
हात फिरवला आणि कळलं. माथे नको तितके गुळगुळीत, पकडच नाही. चौथा तेवढा खरखरीत, तळहाताला टोचतो.
अहवालात घोटाईला दोष द्यायचा म्हणजे बाबांनाच. पेन बंद केलं.

७ मार्च
काय म्हणतो माझा पूल, बाबांनी विचारलं. छान आहे म्हटलं.

९ मार्च
लिहिलं. न लिहून चालणारच नव्हतं – पॅड आणखी सरकले तर गर्डर टेकणार कशावर? गर्डर जॅकवर उचला, माथे टोचून खरखरीत करा, पॅड जागेवर बसवा.
साहेबांच्या आधी बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "चौथा का नाही सरकला?"
तो नीट घोटलेलाच नाही, मी म्हटलं. त्या दिवशी मी तापाने पडलो होतो, असं म्हणून ते स्वयंपाकघराकडे बघत राहिले.

१० मार्च
चौथा आईने केला! खरखरीत मुद्दाम ठेवलास का, मी विचारलं. तर म्हणते, "डोक्यावर घमेलं घेऊन गुळगुळीतावर पाय ठरतो का? मग त्या रबराचा कसा ठरेल?"
मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?
"कोणी विचारलं?"
अहवालात शेवटची ओळ घातली – बाकीचे माथे चौथ्यासारखे करावेत. ओळ बाबांनी सांगितली.