मोटारीच्या खोडी, आणि एक माझी

प्रिय आप्पा,

तुमची मोटार आज गेली. म्हणजे अजून अंगणात निंबाखालीच उभी आहे, पण सौदा झाला. हणमंतकाका येत्या बाजारादिवशी बैल लावून ओढत नेणार आहेत. इंजिन काढून पिठाच्या गिरणीला जोडायचं म्हणतात. तुम्ही जाऊन वर्ष झालं आणि वर्षभर ती जागची हलली नाही. तशी तुम्ही होता तेव्हा तरी कुठं हलत होती म्हणा!

आई म्हणाली, "गेली एकदाची पीडा." आणि मग पदरानं बॉनेटवरची धूळ पुसत बसली. मी आत आले, शाळेच्या वह्या बाजूला सारल्या आणि तुम्हाला लिहायला घेतलं. सात वर्षं तोंडानं सांगता आलं नाही, ते कागदावर तरी उतरतं का बघते.

हणमंतकाकांनी सौद्याआधी तुमच्याच रीतीनं विचारलं, "खोड सांग, पोरी." तुमच्याबरोबर तीस वर्षं मुरुम गावचा बैलबाजार केलेला माणूस, दुसरं काय विचारणार? मी सांगत गेले. सेल्फ मेलेला. हँडल मारावं लागतं, आणि ते उलटं फिरलं तर मनगट जातं. ब्रेक तीनदा दाबल्याशिवाय लागत नाही. पाच मैल गेलं की पाणी उकळतं, म्हणून घागर बरोबर न्यायची. डावं दार सुतळीनं बांधलेलं. उजवीकडं वळवली की हॉर्न आपोआप वाजतो आणि वाजवायला गेलं तर वाजत नाही.

काका हसून हसून खाली बसले. "आगं, ही मोटार न्हाय, पांजरपोळ हाय!"

मीही हसले. पण खरं सांगू का आप्पा, मला त्या मोटारीचा कंटाळा आलाय. नुसता कंटाळा नाही, थकवा. तुमचे किती सोमवार सोलापूरच्या त्या सुट्या भागांच्या दुकानात गेले? "पुढच्या सोमवारी या, माल निघालाय." कुठून निघाला होता तो माल, की वर्षानुवर्षं वाटेतच? आणि प्रत्येक मिस्त्री तेच म्हणायचा: एवढं एक काम केलं की मग बघायला नको. एवढं एक काम व्हायचं आणि दुसरीकडून गळायला लागायचं.

ती घेतली तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. तुम्ही नवं पागोटं बांधलं होतं. उमरग्याच्या एका ट्रकवाल्याकडून महिनाभर आधीच चालवायला शिकून घेतलं होतं. सोलापूरच्या त्या जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात शिरलात आणि बैल बघावा तशी मोटार बघायला लागलात. भोवती तीन फेऱ्या मारल्या. मडगार्डवर थाप मारली. दिव्यांत वाकून पाहिलं. "चालवून दाखवा," म्हणालात, आणि त्यानं मैदानाला दोन चकरा मारल्या. काय गोड आवाज होता तेव्हा इंजिनाचा! कुरकुर नाही, खडखड नाही.

मग तुम्ही विचारलं, "खोड काय हाय?"

तो छातीला हात लावून म्हणाला, "एकही नाही. हैदराबादच्या डॉक्टरांची गाडी. आठवड्यातून एकदा बाहेर काढायचे."

तुमच्या बाजारात तेवढं बास होतं. विकणाऱ्यानं खोड सांगायची. न सांगितलेली खोड आठ दिवसांत निघाली तर जनावर परत घ्यायचं, हुज्जत घालायची नाही. तुम्हाला वाटलं, सगळ्या जगात असंच असतं. पण त्याच्या बाजारात कागद होता. इंग्रजीत टाइप केलेला.

"वाचून घ्या," तो म्हणाला. तिथं चारपाच माणसं खुर्च्यांवर बसली होती. तुम्ही त्यांच्याकडं बघत मोठ्यानं म्हणालात, "माझी लेक वाचती की. मॅट्रिक हाय."

आप्पा, मला वाचता येत होतं, कळत नव्हतं. माझी पहिली शाळा निजामाच्या वेळची, सगळं उर्दूतून. पुढं सोलापूरला मावशीकडं गेले तेव्हा वर्गातल्या पोरी इंग्रजीत माझ्या चार वर्षं पुढं होत्या. मी घोकलं. धड्याचा नंबर सांगा, उत्तर तोंडपाठ. मॅट्रिकला काठावर सुटले, हे तुम्हाला सांगितलंच नाही. न घोकलेला कागद समोर आला की अक्षरं ओळखीची वाटायची आणि अर्थ परका.

मी बोट फिरवत खालपर्यंत गेले. तारीख कळली, मोटारीचा नंबर कळला, तुमचं नाव कळलं. शेवटच्या दोन ओळी कळल्या नाहीत. "नाही कळत" एवढं म्हणायला काय लागत होतं? पण ती माणसं बघत होती आणि तुमची मान अशी ताठ होती! मी म्हणाले, "सगळं बरोबर आहे, आप्पा." तुम्ही मोडीत सही केलीत.

पाचव्या दिवशी आपण तुळजापूरला निघालो, आठवतं? नळदुर्गच्या अलीकडं गिअर अडकला तो अडकलाच. आईनं ओटीचं ताट मांडीवर धरलेलं. शेजारच्या रानातली बैलजोडी मागून आणली आणि मोटार ओढत नळदुर्गात नेली. लोक बघायला जमले. तिथल्या रहीम मिस्त्रीनं गिअरबॉक्स उघडला, आत हात घातला आणि मूठ तुमच्यापुढं धरली. "आप्पा, ये देखो. लकडी का भूसा भरको दिये." झिजलेल्या दातांचा खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून भुसा. चार दिवस आवाज दबतो, मग दात तुटायला लागतात.

तुम्ही चिडला नाहीत. उलट सुटल्यासारखे हसलात. "आठ दिस कुठं झाल्यात? परत घील की!"

दुसऱ्या दिवशी एसटीनं आपण दोघं सोलापूरला गेलो. गाडी विकणाऱ्यानं तो कागद काढला आणि त्या दोन ओळी मराठीत सांगितल्या: गाडी आहे त्या स्थितीत घेतली, मागाहून कसलीही तक्रार चालणार नाही. आणि माझ्याकडं बोट केलं. "तुमच्या मुलीनंच वाचलं ना?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. एकदाच. मी खाली बघितलं. मग तुम्ही त्याला म्हणालात, "व्हय, वाचलं व्हतं तिनं. मला सांगितलं बी व्हतं. म्याच मनावर घेतलं न्हाय."

का म्हणालात असं? एक मुस्काटात द्यायची होती! परतताना नळदुर्गच्या स्टँडवर भजी घेतलीत, पुडी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "खा." मी पुडी तशीच मांडीवर धरून बसले. घरी येईपर्यंत तुम्ही पाऊसपाण्याचं बोलत होता.

पुढं त्यावर तुम्हीही बोलला नाहीत, मीही नाही. पण ती गोष्ट दलालांच्या तोंडून फिरत, बदलत बाजारात पोचली. आप्पांना खोड आधी सांगितली होती, तरी त्यांनी मोटार घेतली. लोकांनी तोंडावर विचारलं, "खरं का हो?" तुम्ही "व्हय" म्हणालात. मग कोण तुम्हाला बैल दाखवणार? आधी विकणारा आणि घेणारा दोघंही म्हणायचे, आप्पांना दाखवून घ्या. बैलाच्या सौद्यावरून भांडण झालं तर तुमचा शब्द शेवटचा. तो शब्द कुणी मागेना. चारसहा बाजार तुम्ही बाजारातल्या तुमच्या नेहमीच्या चिंचेखाली नुसते बसून आलात. नंतर बाजारादिवशी तुम्हाला मोटारीचं काम निघायला लागलं. सकाळीच तिच्याखाली पोतं अंथरून शिरायचात. बाहेरच्या रस्त्यानं लोक बैल घेऊन जायचे आणि मला फक्त तुमचे पाय दिसायचे.

ती मोटार तुम्ही विकली का नाहीत? भुसा भरून तुम्हालाही विकता आली असती. आई किती वेळा म्हणाली! तुम्ही म्हणायचात, "खोड सांगितल्यावर घेणार कोण?"

मी मात्र सुधारले, आप्पा. त्याच वर्षी डिक्शनरी घेऊन बसले. पहिल्यांदा त्या दोन ओळींतलेच शब्द काढले. फार अवघड नव्हते. आता पाचवीला इंग्रजी शिकवते. गावात इंग्रजी कागद आला की लोक म्हणतात, बाईंकडं न्या, आप्पांची लेक, सोलापुरात तेव्हाच कागद वाचून खोड सांगितली होती तिनं. तुमच्या खोट्यावर माझा मान उभा आहे. तुमचा गेला तो गेलाच.

आज सौदा झाल्यावर काकांना चहा दिला. बशीत ओतता ओतता ते म्हणाले, "मोटारीच्या खोडी कळल्या. पर तुझा बाप खोड म्हाईत असून फसला कसा, ह्ये काय अजून ध्यानात येत न्हाय. त्याची नजर लई तिखट व्हती." आणि बशी तोंडाला लावली. तीस वर्षांच्या दोस्ताला सात वर्षं ते बोचत होतं. मी समोर उभी होते. मी म्हणाले, "साखर घालू का अजून?" बघा, अजूनही तीच मी!

मला आता ते ओझं पेलवत नाही. तुम्ही मला झाकलंत, फार मायेनं झाकलंत, पण त्याखाली मी घुसमटले. तुम्ही असताना सांगायला हवं होतं. तुम्ही चिंचेखाली एकटे बसत होता तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याची माफी कुठं मागू?

म्हणून एवढा शब्द देते. बाजारादिवशी काका बैल घेऊन यायच्या आत मीच बाजारात जाईन. बायका तिकडं जात नाहीत, ठाऊक आहे. तुमच्या चिंचेखाली उभी राहीन आणि काकांना आणि तिथं असतील त्या सगळ्यांना सांगेन, की मला तो कागद कळला नव्हता, मी कळल्याचं सोंग केलं, आणि आप्पांना खोड कुणीच सांगितली नव्हती. मग उद्या त्यांनी आपली पोरं माझ्या वर्गात ठेवावीत किंवा काढावीत. त्यांना पटेल तसं करतील. पण तुमचं नाव निघालं की पुन्हा कुणी "व्हय, आप्पा चुकले" म्हणणार नाही.

आई हाक मारतेय. अजून त्या मोटारीपाशीच आहे.

तुम्ही जिला सांभाळून घेतलंत ती,
कुसुम